वाट द्यायची जागा

लेर्गचा पेट्रोलपंप मागे पडला तेव्हा
फोनमधली बाई अजून बोलत होती.
एकवीस मैल सरळ, म्हणाली,
आणि मग तिचा घसाच बसला.
निळा ठिपका राहिला जागच्या जागी
कोऱ्या राखाडी चौकोनात,
ओट्यावर शाई सांडावी
आणि घरात कुणीच पुसू नये, तसा.

विदुलानं नकाशा काढला.
मी नको नको म्हणताना पंपावर घेतलेला.
उलगडला तर तिच्या मांडीवरून
थेट माझ्या गिअरपर्यंत आला.
परत घडी मात्र बसेना.
बसली ती भलत्याच रेषेवर,
आणि समुद्राचं एक टोक
डोंगराच्या कुशीत शिरलं.

रस्ता एकाच गाडीपुरता.
दर फर्लांगाला त्याला एक फुगवटा,
अजगरानं कोकरू गिळल्यासारखा,
आणि काठीवर पांढरी पाटी:
समोरून कोणी आलं तर इथं सरा, वाट द्या.
आपण वाट लावतो, वाटेला लावतो,
वाकड्या वाटेला जाऊ नको म्हणून पोरांना सांगतो.
इथं तासाभरात मी अकरा वेळा वाट दिली,
त्यातली चार वेळा मेंढ्यांना.
माणसांनी जाताना स्टिअरिंगवरचं एक बोट उचललं,
मेंढ्यांनी तेवढंही नाही.

"तळं उजव्या हाताला हवं," विदुला म्हणाली.
तळं उजव्या हातालाच होतं.
अल्टनहाराच्या पुढे आम्ही वळलो तेव्हापासून
ते आमच्यासोबत चाललं होतं,
शहाण्या मुलासारखं, गप्प.
इथं उजव्या हाताला तळी दोन आहेत
हे नकाशाला ठाऊक होतं,
पण ते होतं घडीच्या आत.

ग्रमोर असं नाव छापलेलं जिथं,
तिथं उतरलो, कुणाला तरी विचारू म्हणून.
गुडघ्याएवढ्या भिंती. छपरं नाहीत.
चुलीच्या जागी नेचे उगवलेले.
पाटीवर लिहिलं होतं, दोनशे वर्षांपूर्वी
इथली माणसं हलवली आणि मेंढ्या आणल्या.
म्हणजे मेंढ्यांना वाट द्यायची
इथली रीत जुनीच म्हणायची.
विदुला एका उंबऱ्यावर उभी राहिली,
आत गेली नाही.
"कोणी बोलावलं नाही ना," म्हणाली.

मग फिरत्या ग्रंथालयाची गाडी आली.
चालवणारी इशबेल, पिकल्या केसांची,
शेजारच्या सीटवर पुस्तकं, त्यांच्यावर अंड्यांचा खोका.
काच खाली करून म्हणाली:
मागे फिरा, शाळेपाशी उजवीकडे.
शाळा आता नाही, पण तुम्हाला कळेल.
मग डोनल्डचा गोठा, तो जळाला,
तिथून पुढे जायचंच आहे.
मला काडीचं कळलं नाही.
विदुला मात्र मान हलवत होती.
तिच्या गावी अजून
बंद पडलेल्या गिरणीवरून वळतात
आणि तोडलेल्या जांभळापाशी उतरतात.

"किंवा असेच जा," इशबेल म्हणाली,
"लांब पडेल. समुद्र लागतोच."
आणि विदुलाला एक अंडं दिलं. का, माहीत नाही.

आम्ही असेच गेलो.
अंडं तिच्या ओंजळीत,
नकाशा मागच्या सीटवर, पाखरू फडफडावं तसा.
समुद्र दिसला तेव्हा साडेदहा वाजले होते
आणि तरी उजेड जायचं नाव घेत नव्हता.
फोनमधली बाई शुद्धीवर आली,
"मार्ग पुन्हा आखत आहे," म्हणाली.
विदुलानं तिला बंद केलं.

मग लांब, वळणावर, एक गाडी.
मी फुगवट्यात सरलो.
तीही सरली, तिच्या फुगवट्यात.
मधला रस्ता रिकामा, पावसानं चकचकीत.
मी दिवे लुकलुकवले: या.
तिनं लुकलुकवले: तुम्ही या.
किती वेळ गेला कोण जाणे,
दोघेही वाट देत, दोघेही वाट पाहत.
"जा की," विदुला म्हणाली,
"अंडं उबायला लागलंय."